रोटांच्या रविवारी गिटार

उखर्डूनाना दारात चपला काढायला लागले आणि नवलच्या एकदम ध्यानात आलं. आज घरी कानबाईचे रोट होते. गेल्या रविवारी नानांना 'पुढच्या रविवारी येऊ नका' एवढं सांगायचं तो साफ विसरला होता.

रोट म्हणजे निव्वळ घरचा मामला. श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीच्या नैवेद्याची ती पोळी घरच्यांनीच खायची, परक्याच्या ताटात पडू द्यायची नाही. त्यात नवलची आई यशोदाबाई या बाबतीत महाकडक. गेल्या वर्षी याच दिवशी सख्खा जावई टपकला, तर त्यांनी त्याला सरळ शेजाऱ्यांकडे जेवायला धाडलं होतं. धुळ्याच्या देवपुरातल्या त्या गल्लीत अजून त्यावरून हसतात.

नाना येत ते गिटारीसाठी. धुळ्यात नवलचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. दहा महिन्यांपूर्वी पंपाची मोटार पोहोचवायला तो धरणगावला गेला, तेव्हा नानांच्या भिंतीवर ती लटकलेली दिसली. विजेवर वाजणारी, पन्नास वर्षांपूर्वीची, कलकत्त्याला बनलेली. पोट आतून पोकळ, वर दोन वळणदार भोकं, रंग जुन्या गुळासारखा. लग्नाच्या बँडात नानांनी तिच्यावर उभा जन्म काढला होता. आता बोटं आखडली होती, बायको गेली होती, मूलबाळ नव्हतंच. त्यांनी ती तीन हजारांत दिली, पण एक अट घातली. दर रविवारी येऊन ऐकणार. नवलला वाटलं, म्हातारा दोनदा येईल, तिसऱ्यांदा कंटाळेल. पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्याला एसटी फुकट. नानांनी एक रविवार चुकवला नाही.

गिटार तशी काही फार गुणाची नव्हती. मान जराशी वाकलेली, वरचे सूर खरखरणारे, आणि स्पीकरजवळ नेली की कुत्र्यासारखी रडायची. आवाज उचलणारं तिचं वेटोळं तर जळूनच गेलं होतं. नवलने ते पंपाच्या मोटारीसारखंच, पण केसाएवढ्या बारीक तारेने, आठ दिवस खपून पुन्हा गुंडाळलं. पहिल्यांदा आवाज फुटला तेव्हा नानांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगोलग खालची तार उतरली आहे म्हणून त्यांनी नवलला झापलंही. दिवसभर जळक्या मोटारी हाताळल्यावर रोज तासभर ती मांडीवर घ्यायची, यात नवलला कमालीचं सुख होतं. एवढं सुख इतक्या स्वस्तात त्याला दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं. यशोदाबाईंचं मात्र गिटारीशीही जमलं नाही आणि नानांशीही बोलणं बेताचंच. रविवारी दुपारी नवलच्या ताटाशेजारी नानांचं ताट ठेवायच्या आणि आत निघून जायच्या.

आज सुरतेहून धाकटा भाऊ बायको-मुलांसह आला होता. घर माणसांनी भरलेलं. नानांनी दारातूनच पाटावरची नारळाची कानबाई पाहिली आणि काय ते ओळखलं. खान्देशातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आपणच ध्यानात ठेवायला हवं होतं, असं पुटपुटत ते पुन्हा चपलांकडे वळले.

नवलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस एवढ्या लांबून आला होता आणि त्याला सणाच्या दिवशी उपाशी परत पाठवायचं होतं. निदान थोडं ऐकून तरी जा, म्हणत त्याने नानांना ओट्यावर बसवलं. गिटार पोकळ, त्यामुळे विजेवाचूनही वाजायची. आत बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या. नवलची बोटं आपोआप त्याच चालीवर गेली. कुठे थांबायचं, कुठे तार नुसती बोटाने दाबून सोडायची, ते नाना आपल्या वाकड्या बोटाने हवेत दाखवत होते. त्यांचा चेहरा अगदी निवला होता.

गाणं संपल्यावर नाना आपल्या आईच्या आठवणी सांगत बसले. रोटांचे गहू आदल्या दिवशी मोजतात, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ. नाना लहान असताना त्यांची आई त्यांचं नाव घेऊन मोठ्याने मूठ टाकायची.

"आते मना नावनी मूठ टाकनारं कोणी नही," नाना हसत म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. दीडची एसटी मिळाली तर बरं, असंही म्हणाले.

नवल तडक स्वयंपाकघरात गेला. आज आईशी भांडण झालं तरी चालेल, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. नैवेद्य दाखवून झाला होता. त्याची बायको नूतन ताटं मांडत होती. रोट नको, पण नानांना वरणभात तरी वाढू दे, असं तो चाचरत म्हणाला.

"आज या घरमा दुसरं काहीच शिजेल नही," यशोदाबाई म्हणाल्या.

त्या हात पुसत उठल्या, नवलच्या शेजारून बाहेर पडल्या आणि थेट ओट्यावर आल्या. नवल मागोमाग धावला. नानांनी एका पायात चप्पल घातली होती. दहा महिन्यांत पहिल्यांदाच यशोदाबाई त्यांच्याशी समोरासमोर बोलल्या.

"नाना, तुमना नावनी मूठ मी कालदिनच टाकेल शे. आते तुम्ही चालना गयात तं तुमना वाटाना रोट कोण खाई?"