आभाळातले खडे
दोन्ही पत्रिका टेबलावर शेजारी शेजारी होत्या आणि ज्योतिषीबुवांना नाव ठेवायला कुठे जागा सापडत नव्हती. मुलीचे वडील खुशीत होते. "म्हणजे तारीख धरायला हरकत नाही," म्हणत ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले.

"बाबा, मला जरा..." मुलगी बोलू लागली, तोच होणाऱ्या नवऱ्यानं हसत हसत तिचं मनगट धरलं. त्यानं हात काढला, तेव्हा मनगटावर बोटं उमटली होती आणि त्यांच्याखाली आधीचीही होती, काळीनिळी पडलेली.

"थांबा," बुवा म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटरवर बराच वेळ काहीबाही शोधलं. "जूनो. लघुग्रह आहे, पण लग्नाचा कारक. मुलाच्या पत्रिकेत तो मंगळाच्या तडाख्यात सापडलाय. हे लग्न झालं तर मुलीच्या जिवाला धोका आहे."

मुलगा ताडकन उठला. "असले लघुग्रह कुणी बघतं का?"

"मी बघतो," बुवा म्हणाले.

वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. लेकीला जवळ घेऊन ते बाहेर पडले. मुलगा बुवांकडे रोखून पाहत राहिला आणि मग दार आपटून गेला.

बायको आतून आली. "जन्मभर त्या लघुग्रहांना आभाळातले खडे म्हणून हिणवलंत. आजच बरा विश्वास बसला?"

"खडेच आहेत ते," बुवा म्हणाले. "पण मोठ्या नऊ जणांपैकी एकही तिच्या बाजूनं बोलेना."