उष्टा शेंडा

फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या वेशीवरच्या एक्युली गावात ओडिल आपल्या बहिणीकडे राहायला आली, तेव्हा टेबलावरच्या बॅगेटचा, काठीसारख्या लांब पावाचा, शेंडा कुणीतरी खाल्लेला होता. त्यात नवल नव्हतं. पाव आणायला जाणारा वाटेतच शेंडा चावतो, घरोघरी हेच चालतं. पण चाव्याच्या कडा अजून ओल्या होत्या, आणि दातांच्या ठशात समोरच्या एका दाताची जागा रिकामी होती.

"ताई, तुझे दात तर सगळे शाबूत आहेत. मग हे कुणाचं उष्टं?"

"इथे पाव असाच येतो गं," सोलांज म्हणाली. "किती नखरे ते."

ओडिलने त्या पावाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच बेकरीत गेली. अख्खा, गरम बॅगेट कागदात गुंडाळून तिने काखेत घट्ट धरला. छाटलेल्या कुंपणांच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारात पोचून तिने कागद उलगडला, तर शेंडा गेलेला. चाव्यातून लाळेची तार लोंबत होती. ठशात तीच फट.

सोलांजने तो ओला तुकडा कापून घेतला, त्यावर लोणी फासलं आणि मिटक्या मारत खाल्ला.

"शी, कुणाची लाळ चाटतेयस तू?"

"आधी हनुवटी पूस," सोलांज मायेने म्हणाली.

ओडिलने हात फिरवला. हाताला ओला चुरा लागला. तोंडात पावाचा कोमट लगदा होता, कुणीतरी चावून मऊ केलेला. तो थुंकायला तिने जीभ पुढे रेटली, आणि मिटलेल्या दातांमधल्या समोरच्या फटीतून ती सरळ बाहेर आली.