राणीचं परत येणं

पडद्यावरची राणी बर्फातून चालत परत आली, तिने लेकीला मिठी मारली आणि चिमी ताडकन खुर्चीतून उठली.

“लोकांनी गळे काढावेत म्हणून मेलेल्या बाईला उठवून आणली!” दात-ओठ खात ती जिना उतरली. “एवढ्या चांगल्या कादंबरीची वाट लावली मेल्यांनी.”

मागून नवरा धापा टाकत आला. “अगं, पण पुस्तकातही राणी परत येते. मी वाचलंय.”

“मला शिकवू नकोस! बाबांनी अख्खं वाचून दाखवलंय मला. राणी बर्फात गाडली जाते. म्हणून तर राजकन्या एकटी ड्रॅगनवर बसते.”

तिचा संताप उगाच नव्हता. आई दूरच्या इस्पितळात वारली, असं बाबांनी सांगितलं तेव्हा चिमी सात वर्षांची होती. त्याच दिवसांत ते रोज झोपताना तिला हे पुस्तक वाचून दाखवत. आईविना पोर ड्रॅगनला काबूत आणते, तर आपण निदान शाळेत तरी जाऊ, एवढं तिला कळलं होतं. त्या राणीच्या मरणावर तिने सगळं बालपण काढलं होतं. आणि आता कुणी दिग्दर्शक उठतो आणि राणीला जिवंत करतो म्हणजे काय!

थिएटरखालच्या दुकानात त्याच पुस्तकाची चळत होती, वर सिनेमाचं चित्र. चिमीने शेवटचं प्रकरण उघडलं. राणी परत येत होती.

“सिनेमा आला म्हणून पुस्तकसुद्धा बदललंत?” ती दुकानदारावर उखडली. बिचाऱ्याने तिला किंमत सांगितली.

ती तडक बाबांकडे गेली. बाबा बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. कपाटातली जुनी प्रत काढून तिने भराभर पानं उलटली. राणी तिथेही परत येत होती.

“बाबा, तुम्ही मला खोटं वाचून दाखवलंत?”

बाबांनी पिळलेला शर्ट पुन्हा पिळला.

“लहान होतीस गं. राणी परत येते असं वाचलं असतं, तर तू आईला शोधायला निघाली असतीस.”

चिमीने पुस्तक टेबलावर आपटलं. मेलेल्या माणसाला शोधायला कोण निघतं?

“आणि शोधली असती बाबा, तर सापडली असती?”