चौथी तबकडी

"ही निळी काढा आता," म्हणत एदमे रोशाबाईंनी घड्याळ मखमलीवर ठेवलं, नेहमीसारखं काच खाली करून. "कंटाळा आला तिचा."

घड्याळजी ओरेल जाकोच्या मनात लाडू फुटले. वरून मात्र त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि सारखी तबकडी बदलणं घड्याळाला बरं नसतं, असं बजावलं. हे तो दर वेळी बजावायचा. बाई दर वेळी मान डोलवायच्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा हजर व्हायच्या.

घड्याळ सोन्याचं होतं, आणि अशा कंपनीचं, की तिचं नाव घेताना ला शो-द-फोंसारख्या घड्याळांच्या गावातही लोक आवाज खाली आणतात. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्या कंपनीच्याच कारखान्याने ते भेट दिलं होतं. बायकी मापाचं शिल्लक नव्हतं, म्हणून पुरुषी. मुळात तबकडी काळी. जानेवारीत ती पांढरी झाली, मार्चमध्ये निळी. बदलायच्या तबकड्या बाई स्वतःच कागदाच्या पुडीतून आणायच्या आणि पुडी उघडून तबकडी फक्त कडेने धरून पुढे करायच्या. चाळीस वर्षं कारखान्यात काढली, एवढंच त्यांनी कधीतरी सांगितलं होतं. नखं इतकी बारीक कापलेली आणि स्वच्छ, तेव्हा नक्कीच ऑफिसात असणार, हे ओरेलने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

समोरच्या बेकरीतल्या जॅनीनने वेगळंच ठरवलं होतं. घड्याळासाठी कुणी दर दोन महिन्यांनी येत नसतं, असं ती पाव बांधता बांधता ओरेलला सुनवायची. विचारून टाका एकदाचं, नाही म्हणाल्या तर उपाशी मरणार नाही तुम्ही, माझा पाव आहेच.

ओरेल बासष्ट वर्षांचा, बायको जाऊन सात वर्षं झालेली. केसाएवढा स्क्रू तो हात न थरथरता बसवायचा. पण या बाईंना जेवायला बोलवायचं म्हटलं, की जिभेला कुलूप.

म्हणून त्याने दुसरी वाट काढली होती. घड्याळ उघडलं, की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख आणि आपली आद्याक्षरं कोरायची, ही घड्याळजींची जुनी रीत. आधी कुणाचा हात लागलाय, ते पुढच्या घड्याळजीला कळावं म्हणून. भिंगाशिवाय ते दिसतही नाही. जानेवारीत ओरेलने तारीख कोरली, ओ. जा. कोरलं आणि धीर करून पुढे एक ओळ कोरली: हिरवा स्कार्फ फार शोभला. मार्चमध्ये आणखी एक: रविवारी एकट्याला जेवण जात नाही. तेवढ्यानेही त्याला बरं वाटलं होतं. घड्याळजीशिवाय झाकण उघडतो कोण? आपण गेल्यावर वाचलं कुणी, तर खुशाल वाचू दे.

आता मे महिना होता. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते, तरी बाईंच्या गळ्यात तोच हिरवा स्कार्फ होता. त्यांनी तीन पुड्या उघडल्या. काळी तबकडी, पांढरी तबकडी आणि एक नवी, फिकट तांबूस.

"कुठली बसवू?" ओरेलने विचारलं.

"ते तुम्हीच ठरवा. घड्याळ आता माझ्याकडे राहणार नाही. एका गृहस्थांना द्यायचंय."

ओरेलच्या हातातला चिमटा निसटून टेबलावर पडला. तो उचलायला त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ लावला.

"नातेवाईक आहेत का?"

"अजून तरी नाहीत." बाई स्कार्फ सारखा करत होत्या. "रविवारी जेवायला बोलावतेय. सॉसेज आणि लीकची भाजी. येतात का बघू. फार लाजरे आहेत हो, मनातलं तोंडावर म्हणून येत नाही."

"मग कसले गृहस्थ," ओरेल जरा जोरातच म्हणाला. "माणसाला बोलता आलं पाहिजे, मादाम. न बोलणाऱ्याचा काय भरवसा?"

"मीही हेच म्हणते," बाई म्हणाल्या. "पण माणूस चांगला आहे."

ओरेलला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, त्या न पाहिलेल्या मुखदुर्बळाचा. एकदा वाटलं, काळी बसवून द्यावी. काळीवरचे काटे म्हाताऱ्या डोळ्यांना धड दिसत नाहीत, बसू दे चाचपडत. पण चाळीस वर्षांत त्याला वाईट काम करायची सवय लागली नव्हती, ती आता कुठून लागणार? त्याने तांबूस तबकडीकडे बोट केलं.

"ही. मी असतो तर हीच घातली असती."

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "मी समोर जॅनीनकडे कॉफी घेत बसते. सावकाश करा." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "तो दिवा जरा डावीकडे घ्या, मस्यू जाको. हातावर सावली पडतेय."

ओरेलने दिवा डावीकडे सरकवला. खरंच सावली गेली. बेकरीच्या खिडकीत बाई बसल्या होत्या आणि जॅनीन त्यांच्या कानाशी लागून हसत होती. म्हणजे तिलाही कळलेलं दिसतंय, त्याने मनाशी म्हटलं, आणि पाठ वळवून कामाला लागला.

त्याने झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि सुई उचलली. आज फक्त तारीख आणि आद्याक्षरं, पुढे एक अक्षर नाही, असं त्याने पक्कं ठरवलं होतं. मग त्याने झाकण दिव्याखाली धरलं.

त्याच्या दोन ओळींखाली तिसरी ओळ होती. अक्षर त्याच्यापेक्षा बारीक आणि सरळ, रीतीप्रमाणे आधी तारीख, मग आद्याक्षरं: ९ मे, ए. रो. आणि पुढे: रविवारी बारा वाजता या. हे घड्याळ घालून या.