दोन अंगठे

"इथे दुखतंय?" बायकोने माझ्या अंगठ्याला कोमट तेल चोळत विचारलं. सांधे झिजलेत, असं डॉक्टर म्हणाले होते.

टीपॉयवर कंपनीने दिलेला जुना कीबोर्डवाला फोन पडला होता. त्याचा लाल दिवा लुकलुकला की मी भरल्या ताटावरून उठायचो. बारा वर्षांत बटणांवरची अक्षरंही पुसली गेली.

"एवढं काय लिहायचात हो?"

खूप आठवून पाहिलं. एकच आठवलं. मी मीटिंगमध्ये असताना तिचा मेसेज आला होता, "तुमचे बाबा गेले. लगेच घरी या." टेबलाखाली अंगठ्यांनी सवयीने उत्तर धाडलं होतं, "नोटेड. नंतर कळवतो."

"आता काही आठवत नाही," मी म्हणालो.

"मला आठवतं," ती म्हणाली आणि तिने दुसरा अंगठा हातात घेतला.