तेवीस नंबरचा पट्टा

“या फळीवर पण नाही,” कुसाकासान म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

“असेल हो खालच्या फळीवर,” इकुकोनं चहा पुढे सरकवला. “यांची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे. स्वतःचे मोजे सापडत नसत माणसाला.”

“मोजे वेगळे, वहिनी. रेकॉर्डच्या बाबतीत नागासे म्हणजे देव होता.”

“हो का? देवाला मोजे लागत नाहीत, म्हणून असेल.”

म्हातारा हसला आणि तांदळाचं खारं बिस्किट चहात बुडवून खायला लागला. दात राहिले नव्हते, पण हौस होती.

नागासे जाऊन दहा महिने झाले होते. सुतकाचा शेवटचा, एकोणपन्नासावा दिवस झाल्यावर, रीतीप्रमाणे, इकुकोनं नवऱ्याच्या वस्तू आठवण म्हणून वाटल्या. घड्याळ धाकट्या दिराला, टोपी भाच्याला. तुम्हाला काय देऊ, असं कुसाकासानना विचारलं, तर त्यांनी मान खाली घालून एकच मागितलं. तेवीस नंबर.

तिला ते नवीन नव्हतं. फार वर्षांपूर्वी एका कंपनीनं अमेरिकेतल्या जुन्या जॅझच्या पन्नास रेकॉर्डी जपानात पुन्हा काढल्या होत्या. तेच फोटो, तसाच जाड पुठ्ठा, आणि कव्हरच्या डाव्या कडेला गुंडाळलेला लाल कागदी पट्टा, वर नंबर छापलेला. लोक रेकॉर्ड ठेवायचे आणि पट्टा केराच्या टोपलीत टाकायचे. हे दोन म्हातारे त्या केरासाठी जीव टाकायचे. पट्ट्यासकट तेविसावी नागासेकडे होती. कुसाकासानकडे बाकीच्या एकोणपन्नास.

तीस वर्षं दर शनिवारी कुसाकासान यायचे आणि तेविसावी मागायचे. “मी मेल्यावर ने,” नागासे म्हणायचा. मग दोघं ऐकायला बसायचे. पहिली बाजू संपायच्या आत नागासे घोरायला लागे. रेकॉर्ड उलटायला इकुकोच उठायची. कुसाकासान तेवढे जागे असत.

तर त्या दिवशी इकुकोनं सांगितलं, यांनी ती कुठं ठेवलीय देव जाणे, तुम्हीच शोधा. साफ खोटं. तेविसावी तिच्या किमोनोंच्या ड्रॉवरमध्ये होती, लग्नातल्या किमोनोखाली. पण एकदा हातात पडली की माणूस घरी जाणार, आणि परत कशाला येणार? मुलगा ओसाकाला. आठवड्यातले सहा दिवस ती टीव्हीवरच्या हवामानवाल्याशी भांडायची. सातव्या दिवशी निदान उत्तर मिळायचं.

कपाटं चार, फळ्या बत्तीस. कुसाकासान एका शनिवारी एकच फळी बघत. एकेक रेकॉर्ड काढायची, धुळीवर फुंकर घालायची, कव्हर पुढून मागून वाचायचं, मग जागेवर ठेवायची.

“गोगलगाय लाजेल तुमच्यापुढं,” इकुको म्हणायची.

“घाई केली की कोपरे दुमडतात, वहिनी.”

“एकदा तुमच्या घरी बोलवा की. बघू तरी तुमच्या एकोणपन्नास.”

“घर कसलं, गोदाम आहे ते. बसायला जागा नाही.”

आता एकच फळी उरली होती. पुढच्या शनिवारी तीही झाली. कुसाकासाननी शेवटची रेकॉर्ड आत सरकवली आणि हातांची धूळ झटकली.

“संपलं,” ते म्हणाले.

“पुन्हा पहिल्यापासून बघा. नजरचुकीनं राहिली असेल.”

“माझी नजर? वहिनी, मला चष्मा आहे, मोतीबिंदू नाही.”

“मग मुळा उकडते, तो तरी खाऊन जा.”

मुळा खाल्ला, नेहमीसारखा दोनदा वाढून घेतला, आणि गेले. त्यानंतरच्या शनिवारी आले नाहीत.

इकुकोनं दोन कप मांडले, चहा गार झाला, ओतून टाकला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. हवामानवाला ऊन पडणार म्हणाला, तरी तिनं त्याला उलटून उत्तर दिलं नाही. एका भल्या माणसाला आठ महिने वेड्यात काढलं आपण, त्याचं हे फळ, असं तिला वाटलं. रात्रभर कूस बदलली. सकाळी ड्रॉवर उघडला, तेविसावी जांभळ्या रुमालात बांधली, नव्या वर्षाच्या शुभेच्छापत्रावरचा पत्ता घेतला आणि निघाली. देऊन टाकायची, माफी मागायची, आणि ते येणार नसतील तर न का येईनात.

दार उघडायला कुसाकासानना वेळ लागला. कमरेला लोकरी पट्टा, हातात काठी.

“कंबर धरलीय,” ते म्हणाले. “फोन करणार होतो, पण फोन वरच्या मजल्यावर. वहिनी, आत नका येऊ, पसारा आहे.”

“माझा नवरा पसाऱ्यातच वारला. सरका.”

घर लख्ख होतं. बसायला चार उश्या होत्या. कुसाकासान काही पुटपुटत, काठी टेकत, चहाचं पाणी ठेवायला आत गेले.

समोरच्या भिंतीवर लाल पट्ट्यांची ती रांग होती. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन पडून पडून लालाचा फिका गुलाबी झाला होता. तसं व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, हे नागासेच्या बायकोला कुणी सांगायला नको होतं. इकुकोनं रुमाल सोडला. म्हटलं, तोंडानं कबुली देण्यापेक्षा गुपचूप जागेवर ठेवून द्यावी, चहा घेऊन येतील तेव्हा बघतीलच. रिकामी फट शोधत तिनं नंबरांवरून बोट फिरवलं.

वीस. एकवीस. बावीस. तेवीस. चोवीस.

तेविसाव्याचा रंग शेजारच्यांइतकाच उडालेला होता.