बहिरा रिपीटर

“दाजी, आयकतंस मां? इंजिन बंद पड—”

पुढचं खरखरीत बुडालं. टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत दाजी रिपीटरवर वाकले. हौशी रेडिओवाल्यांचा हा रिपीटर लांबचा क्षीण आवाज पकडून जोरात पुढे पाठवायचा. पण पाठवताना स्वतःच्याच आवाजाने बहिरा व्हायचा. तो दोष घालवायला सकाळी दाजींनी नवा फिल्टर बसवला आणि तपासणीसाठी शिवाला हातातला सेट देऊन होडीने समुद्रात धाडलं.

“वारो बरो नाय,” शिवा म्हणाला होता.

“अर्ध्या तासाचा काम रे.”

आता माडांचे शेंडे वाकत होते.

“शिवा, खंय आसस?”

खरखर. फिल्टर फसला होता. पाठवणं बंद केलं तरच रिपीटरला नीट ऐकू येणार होतं. पण मग शिवाच्या सेटवर नुसती शांतता.

“मी गप ऱ्हवतंय. तू बोलत ऱ्हव,” दाजींनी सांगितलं आणि ट्रान्समीटर बंद केला. शिवाने त्याच वेळी बोलायचं बटण दाबलेलं असलं, तर हे त्याला ऐकू गेलं नसणार.

खरखर विरली. शिवाचा आवाज शेजारी बसल्यासारखा आला.

“घोडेखडपाच्या पश्चिमेक आसंय. पाणी भितर येता. दाजी, काय तरी बोल मरे!”

दाजींनी बंदरावर फोन लावला. ट्रॉलर निघाला. पण होडी वाहत होती, जागा बदलत होती. ट्रान्समीटरच्या बटणावर बोट ठेवून दाजी ऐकत राहिले आणि फोनवर सांगत राहिले.

शिवा खुणा सांगायचा, मध्येच थांबायचा. मग खुणा संपल्या.

“तुझ्या नादाक लागान मरतंय मी, दाजी. तुका कधी माणूस दिसलोच नाय. तुझा मशीन तेवढा दिसला.” आणि पन्नाशीचा शिवा रडू लागला, “गो आये... गो आये...”

दाजींचं बोट बटणावरच होतं. पण त्यांनी बटण दाबलं नाही.

संध्याकाळी ट्रॉलरने होडी ओढत धक्क्याला आणली. शिवा गोणपाट पांघरून बसला होता. दाजी त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

“माका वाटला, तू घराक गेलंस,” शिवा म्हणाला. मग खाली बघत विचारलं, “काय काय आयकलंस?”

“जागा तेवढी कळली. फुडे नुसती खरखर.”

शिवाने मान वर केली. दाजींच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला.

“मगे मशीन अजून सुधारूक व्हया,” तो म्हणाला.